तुरीच्या शेंगा सोलताना शिकवलेलं नाटक

सिस्टर, आज मला इतकी किळस आली आहे की ती कुणाला सांगावी म्हटलं तर तुम्हीच आठवलात, आणि तुम्हाला जाऊन तर कित्येक वर्षं झाली. सकाळी पालमहून एसटीने एक मुलगी शिकायला आली. जुन्या इंग्रजी नाटकाच्या पेपरात दोनदा नापास. यंदा विषय निघाला नाही तर वडील शिक्षण बंद करणार आहेत. मूळ नाटक कुठे आहे विचारलं तर पिशवीतून झेरॉक्सचा गठ्ठा काढला. "ते कोन वाचतंय मॅडम? समदे ह्याच नोट्स पाठ करायलेत. लय जुन्या हायत." नाटकात बाप मुलीला घराबाहेर काढतो. का, असं विचारलं तर डोळे मिटून तिने बापाच्या स्वभावातले तीन दोष घडाघडा म्हटले, किराण्याची यादी वाचावी तसे.

हाच प्रवेश तुम्ही आम्हाला कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात शिकवला होता. स्वयंपाकीण आजारी होती, म्हणून अख्खा वर्ग तुरीच्या शेंगा सोलायला बसवलात. माझ्या वहीतलं 'अहंकारामुळे' असं पुस्तकी उत्तर वाचलंत आणि वही सालपटांत फेकलीत. एरवी मराठी शब्दाला शिक्षा करणाऱ्या तुम्ही त्या दिवशी मोडक्या मराठीत विचारलंत, "तुझा बाप रागावला की काय बोलतो?" मी पुटपुटले, "नीघ माझ्या घरातून. परत दारात दिसू नको." "मोठ्याने. आता तेच पुस्तकातलं." मी म्हणते, आणि त्या गंजलेल्या इंग्रजीतून माझे वडील बोलायला लागतात. हातातली शेंग तशीच राहते. तुम्ही एवढंच म्हणता, "हां. आता सोल."

त्या पोरीसमोर मी नोट्स लिहिणाऱ्याचा उद्धार केला. आळशी, कामचोर, चावून चोथा झालेलं पोरांच्या तोंडात कोंबणारा. ती हसत म्हणाली, "मॅडम, तुमी तर लय चिडायलात." मग मी चष्मा लावून गठ्ठा जवळ घेतला. अक्षर उजवीकडे झुकलेलं होतं, तुम्ही पट्टी मारून माझ्याकडून गिरवून घेतलेलं. पाथरीच्या कॉलेजात शिकवायला लागले त्या पहिल्याच वर्षी अभ्यासक्रम उरकेना, म्हणून मी माझी वही वर्गात फिरवली होती. ती परत मागितली नाही. पुढे निवृत्त होईपर्यंत तिच्याच झेरॉक्सवर वर्ग चालले, शेंगा कुणाला सोलायला लावल्याच नाहीत.

मी तिला विचारलं, "पुन्हा नापास झालीस तर वडील काय म्हणतील?" ती खाली बघत म्हणाली, "बास झालं शिकनं. बस आता घरात." मी माझ्याकडचं मूळ नाटक तिच्यापुढे उघडून ठेवलं. "मोठ्याने. आता तेच पुस्तकातलं." तिने अडखळत म्हटलं, आणि मधेच थांबून ओढणीने डोळे पुसले. जाताना तिने विचारलं, "कोनाच्या हायत मॅडम ह्या नोट्स?" कुणाच्या का असेनात, म्हणाले मी.

रविवारी ती पुन्हा येणार आहे. गठ्ठा मी ठेवून घेतला आहे, हे पत्रही त्यातच ठेवते. तिला वाटतं, तिने मूळ नाटक वाचावं म्हणून ठेवला.