गोळी पाण्याबरोबर

मुरुड, जि. लातूर (नवा)
५ जानेवारी १९८३

चि. सौ. तारामतीस, श्रीमंतदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्त्यावर जिल्हा बदलला, बघितलंस का? उस्मानाबाद खोडून लातूर लिहिताना छाती दोन बोटं वाढते. पाऊस मात्र जुन्याच जिल्ह्यात राहिला असावा, इकडे फिरकलाच नाही. आसपासच्या शिवारात पाणी आहे ते फक्त आपल्या मळ्यातल्या विहिरीला.

आता महत्त्वाचं. माझ्या जिवाला धोका आहे, हे कचेरीत लेखी मान्य झालंय. पोस्टमन कार्ड वाचतो म्हणून उघड लिहीत नाही. नळी आखूड आहे, जेमतेम दोन इंच. पलटणीतून निवृत्त झालेल्या माणिकप्पांनी पोकळ तोंडाच्या गोळ्या सुचवल्यात. आत गेल्या की फुलतात म्हणे. पण आखूड नळीत जोर धरत नाही, म्हणून आधी चाचणी घ्यायची आहे. तुझ्या वहिनीला यातलं गांभीर्य कळत नाही, ती हसते.

जावईबापूंना नमस्कार. माया आहेच, ती दुष्काळात कमी करू नये.

तुझा दादा

*

मुखेड, जि. नांदेड (जुनाच)
११ जानेवारी १९८३

ती. दादांस, तारामतीचा शि. सा. न. वि. वि.

कार्ड तीनदा वाचलं, तरी आजार कळला नाही. नळी आखूड म्हणजे अन्नाची की श्वासाची? आणि पलटणीत बंदुका पुसलेल्या माणसाकडून औषध घेता? लातूरला आता मोठमोठे डॉक्टर आलेत म्हणतात, तिथं दाखवा. तोवर त्या गोळ्या घ्यायच्याच असतील तर नुसत्या घेऊ नका, भरपूर पाण्याबरोबर घ्या. पोटात फुलणारी गोळी कोरडी गेली तर अडकून बसेल. आमच्या शेजारच्या लक्ष्मम्मांना असंच झालं होतं.

वहिनी हसते यावर माझा विश्वास नाही. ती घाबरली की हसते, लग्नातही हसत होती.

उलट टपाली प्रकृती कळवावी आणि लोभ आटू देऊ नये.

आपली, तारा

*

मुरुड
१७ जानेवारी १९८३

चि. सौ. तारामतीस, आशीर्वाद. वि. वि.

रिव्हॉल्वर आहे ते, बाई! नळी त्याची आणि गोळ्याही त्याच्याच! पोस्टमनला पहिल्या ओळीत कळलं, तुला कळलं नाही.

तरी पाण्याचं तू बरोबर बोललीस. माणिकप्पा म्हणतात, माणसाचं अंग म्हणजे पाणीच, म्हणून चाचणी पाण्यावर. रोज मळ्यात मातीच्या घागरी काठोकाठ भरून ओळीनं मांडतो. पुढं चोराच्या अंगावर असतं तसं घोंगडं टांगतो. घोळ तिथंच आहे. गोळी घोंगड्यातून जाताना पोकळ तोंडात लोकर भरून घेते आणि फुलायचं विसरून साध्या गोळीसारखी आरपार जाते. उघड्या घागरीत मात्र झेंडूसारखी फुलते. नळी लांब असती तर गोळीनं लोकरीलाही जुमानलं नसतं. चोरानं घोंगडं काढून यावं, एवढाच उपाय माणिकप्पांना दिसतो.

रोज नऊ घागरी फुटतात. विहीर हातभर खाली गेली, पण राखणीसाठी एवढं सोसावं लागतं. गावातल्या बाया गोळीबार सुरू झाला की कळश्या घेऊन बांधामागं बसतात आणि फुटलेल्या घागरींखाली धरतात. कालची एक म्हणाली, मालक, जरा खाली नेम धरा, म्हंजे सगळंच पाणी येईल.

चोर खरोखर आहे. रोज सकाळी विहिरीपासून बांधापर्यंत थेंबांची ओळ असते. एक फेब्रुवारीपासून मी पहाटे दबा धरणार. हाक नाही, काही नाही, थेट झाडणार.

माया असू द्यावी, वरच्यापेक्षा जास्त लिहायला जागा नाही.

दादा

*

मुरुड
२४ जानेवारी १९८३

तारामती वन्सं, चतुराचा नमस्कार.

हे पत्र मी सवता लिवलंय. चुका पोटात घाला. आपल्या शाळेच्या मास्तरीणबाई पंचशीला, त्यांनी दुपारचं बसवून मला अक्षर शिकवलं. चाळिशी उलटल्यावर मला कोण शिकवणार होतं?

त्यांच्या शाळेचा रांजण कोरडा पडला. हे शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष. ह्यांनी ठराव केला की पोरांनी पाणी घरून आणावं. घरात असतं तर आणलं नसतं का? पोरं चक्कर येऊन पडून राहिलीत. म्हणून मी आत्याबाईंची तांब्याची घागर घेऊन रोज पहाटं दोन खेपा करते. तर वन्सं, चोर मीच हाय.

ह्यांना सांगितलं तर परवानगी मागावी लागंल, अन् घरच्या विहिरीला मी परवानगी मागणार न्हाई. तुम्हीबी सांगू नका, तुम्हाला माझ्या गळ्याची आण. भ्यायचं कारण न्हाई. ऊन अंगावर आल्याबिगर हे उठल्याचं मी तरी बघितलं न्हाई.

लई लोभ असावा.

चतुरा

*

मुखेड
३१ जानेवारी १९८३

ती. दादांस, सा. न. वि. वि.

टपालाला उशीर लागेल म्हणून हे लातूर एसटीच्या कंडक्टरजवळ देते आहे. थेट झाडू नका. घोंगड्यात कोण आहे हे गोळीला कळत नाही. आधी विचारा कोण, मग विचारा कुणाच्या घरचं. नीट उत्तर येईपर्यंत हात खाली ठेवा. तुम्हाला आईची शपथ. मला याहून जास्त लिहायची बंदी आहे, आणि जीव थाऱ्यावर नाही.

लोभाचं नंतर बघू, आधी कळवा.

तारा

*

मुरुड
६ फेब्रुवारी १९८३

चि. सौ. तारामतीस, आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वेळेवर मिळालं. अर्धं पाळलं आणि तिथंच घात झाला.

पहिल्याच पहाटे विहिरीवरून घोंगडं निघालं, डोक्यावर भरलेली घागर. मी ओरडलो, कोण हाय? आतून दबका आवाज आला, मी हाय. मी म्हटलं, सगळेच चोर मी म्हणतात, कुणाच्या घरची हायेस, घरधन्याचं नाव सांग! तारा, लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. त्यानंतर तीस वर्षांत जिनं माझं नाव तोंडातून काढलं नाही, ती विहिरीच्या काठावर कसं काढणार? ती गप्प उभी राहिली. मला तो उद्धटपणा वाटला. मी हवेत झाडली, असं माझं मत आहे. आखूड नळीचं मत वेगळं निघालं.

घागरीला भोक पडलं, पाणी तिच्या अंगावर आलं आणि ती किंचाळली, श्रीमंत! नावानं. चार बोटं खाली लागली असती तर आज हे पत्र दुसऱ्याच कुणी लिहिलं असतं. मी तिथंच चिखलात बसून रडलो, तुला सांगायला लाज नाही.

घागरीत गोळी सापडली. झेंडूसारखी फुललेली. माणिकप्पा म्हणाले, चाचणी यशस्वी. त्यांना मी बांधाबाहेर काढलं. रिव्हॉल्वर चौकीत जमा केलं. शाळेचा ठराव मीच फाडला.

तुझी माया होती म्हणून मी गजाआड नाही. ती तशीच ठेव.

दादा

ता. क. वन्सं, तांबट भोक बुजवून देतो म्हणला. मी नको म्हणलं. घागर आता विहिरीवरच असती. येईल त्याला भोकापातूर पाणी. त्याच्यावर भरलं तर सांडतं, म्हणून कुणी भांडत न्हाई. पहाटंच्या शाळेच्या खेपा आता हेच करत्यात. वाटेत कुणी कोण हाय म्हणलं, तर चतुराचा नवरा म्हणून सांगत्यात.