चढताना नी

८ मार्च २०२५, बॉथेल, अमेरिका
आलं: माझी पेटी, नागपूरहून, मुलाच्या मित्राच्या सामानातून. खर्च त्याचं दोन वेळचं जेवण. गिटारचं जुनं पुस्तक, गॅरेज सेल, एक डॉलर. बाई दोन मागत होती.
बुद्धवंदना झाल्यावर नात अनिका म्हणाली, भीमजयंतीच्या कार्यक्रमात मी गिटार वाजवणार, तू पेटीवर बस. स्वतःहून बोलावलं, पहिल्यांदाच. धून मिक्सोलिडियन नावाच्या पाश्चात्त्य सुरावटीत आहे. ब्लूज, रॉकवाले वापरतात म्हणे.

९ मार्च
पुस्तक पाहिलं. सगळे सूर शुद्ध, नी तेवढा कोमल. म्हणजे आपला खमाज. उगीच डॉलर घातला. दोन दिवसांत बसवते.

१७ मार्च
बसलं नाही. इथल्या ओलीने भाता दमतो. मीही. अनिका म्हणते, वर जाताना माझा नी चुकतो. तिला समजावलं, खमाजात चढताना नी शुद्ध, उतरताना कोमल. नागपूरच्या गायन मंडळात तीस वर्षं असंच वाजवलं.
"बट धिस इजन्ट खमाज, आजी."
लहान आहे.

२६ मार्च
संकल्प: रोज पहाटे शंभर वेळा कोमल नी. आज अकरा झाले, मग पोळ्या. गिटारच बेसूर असावी. बुद्धभूषणने फोनवर तपासली, सुरात निघाली. मुलगा असून बाजू घेत नाही. फोनचा तरी काय भरवसा.

५ एप्रिल
शुद्ध नीच्या पट्टीखाली कागदाची घडी घातली, दाबलीच जाऊ नये म्हणून. बोट तिथेच जाऊन अडलं. धून तीनदा थांबली. दोनदा अनिका हसली.

१० एप्रिल
अनिकाने मार्ग काढला. "आजी, यू जस्ट होल्ड द सा. प्लीज."
म्हणजे मुख्य सूर माझ्याकडे. हे काम कोणालाही देत नाहीत.

१३ एप्रिल
काल कार्यक्रम झाला. एक पट्टी, सहा मिनिटं. बोट आखडलं. सून उपासना म्हणाली, पेटी छान दिसत होती.
अनिकाने चढताना कोमल नी घेतला. गोड लागला. तिला बोलले नाही.
शरयूला पत्रात लिहायचं: मंडळात तू माझ्या शेजारी बसून गायचीस. तेव्हा माझा नी कधी खटकला होता का? फोन करू नकोस, इथे स्पीकरवर असतो. खरं काय ते उलट टपाली कळव.