खुराड्याच्या दाराची फळी

९ मार्च, दुपार

थोरल्या,
तुला नि सूनबाईला आशीर्वाद, नातीला पापा.

अक्षर बघून दचकलास ना? दरवेळी शेजारच्या मास्तरीणबाई लिहून देतात. आज मुद्दाम धाकट्याला बसवलंय. मी बोलणार, तो लिहिणार, मधे तोंड घालायचं नाही असं बजावलंय. नाक फुगवून बसलाय, पण लिहितोय.

मी ठणठणीत. दात तेवढे दोन उरलेत, तेही तुम्हा दोघांसारखे, एकमेकांचं तोंड बघत नाहीत.

बातमी अशी, की परसातला तुझा पोहण्याचा तलाव आम्ही बुजवतोय. तू हौसेने बांधलास म्हणून नऊ वर्षं कुणाला हात लावू दिला नाही. पण त्यात पोहतात फक्त बेडूक, आणि धाकटा रोज त्याच्या कडेने लंगडत कामाला जातो.

मुकादम म्हणाला, ‘‘आजी, नुसती माती टाकून भागत नाही. आधी तळाला भोकं पाडायची. नाहीतर पाणी आतच साचतं नि वरची जमीन कधी सुकत नाही.’’ दोन दिवस तळ फोडत होता. मी खुर्ची टाकून ऐकत होते. घाम त्याच्यापेक्षा मलाच जास्त आला.

मग मातीचा ट्रक आत घ्यायला कोंबड्यांचं खुराडं हलवलं, तर त्याचं दार निखळलं. मुकादमाने फळी उलटली नि मोठ्याने वाचलं, ‘‘पाणी अर्धं उपसलंय. उडी मारू नका.’’

धाकट्या, थांबू नकोस. लिही.

थोरल्या, त्या सकाळी तू पाटी लावली होतीस. लावून बाजारात गेलास. खुराड्याचं दार मोडलं होतं, मला वाटलं, एवढी चांगली फळी काठावर उगाच पडलीय. तांबडी नक्षी आतल्या बाजूला घेतली नि ठोकून टाकली. दुपारी धाकट्याने त्या गढूळ पाण्यात उडी मारली नि गुडघा कायमचा घालवला. तू ओरडत होतास, ‘‘लाल अक्षरांत लिहून ठेवलं होतं!’’ तो म्हणाला, ‘‘खोटारडा.’’ मला तेव्हाच कळलं. वाचता येत नाही, पण तांबडा रंग दिसतो मला.

गप्प बसले. म्हटलं, आधी प्लॅस्टर निघू दे. ते निघेपर्यंत तू बायको-पोरीला घेऊन निघून गेलास. मग वाटलं, दोघं एकमेकांवर चिडलेत, निदान आईवर तरी कुणी चिडलेलं नाही. असला माझा स्वार्थ. नऊ वर्षं ती पाटी फक्त कोंबड्यांनी पाहिली. एकीनेही उडी मारली नाही हो.

आत्ता धाकटा पेन टाकून बाहेर गेला होता. फळीवरची अक्षरं स्वतः वाचून आला. आता परत बसलाय. म्हणतो, ‘‘आई, मला तरी आधी सांगायचंस.’’ म्हटलं, आधी कुणाला, नंतर कुणाला, हे नको, म्हणून तर दोघांना एकदम सांगितलं. हेही लिही.

उथळ बाजूचा कोपरा मी बुजवू दिलेला नाही. मातीचं शेवटचं घमेलं तू येऊन टाक. रागावून आलास तरी चालेल. रागवायलासुद्धा माणूस समोर लागतं.

खालचा अंगठा माझा. धाकटा म्हणतोय, त्याखाली स्वतःच्या दोन ओळी लिहीन, पण आई, तुला वाचून दाखवणार नाही. नको दाखवूस म्हटलं. त्या तुम्हा दोघांतल्याच राहू देत.

तुम्हा दोघांची,
आई