बाबा मैदानावर आले

बुडापेस्ट, १६ मे १९३८

लाडक्या रोझाताईस,

तुझं पत्र पोचलं. खसखशीचे रोलही पोचले, अर्धे वाटेतच चुरले होते, ते आधी संपवले. इथे चेस्टनट फुललेत. बाबांचा खोकला आता थांबलाय.

काल आपण तीन-एकने जिंकलो. आणि ताई, बाबा मैदानावर आले होते! हो, आपलेच बाबा. "शब्बाथचा शनिवार मोडून उघड्या गुडघ्यांनी चामड्यामागे धावणारा मुलगा माझा नाही," म्हणणारे. मी देशाकडून खेळलो, पुढे देशाच्या संघाचा प्रशिक्षक झालो, तरी ते कधी फिरकले नव्हते. काल काळा कोट घालून माझ्या शेजारी बाकावर बसले.

ऊन मऊ होतं. डॅन्यूबवरून वारा येत होता. चेंडू वर गेला की खाली यायचं विसरल्यासारखा तरंगायचा, आणि मला वाटायचं, मी अजून वीटभट्टीमागच्या माळावरच आहे, आई हाका मारतेय.

"तो जाळीपुढचा पोरगा," बाबा कुजबुजले, "त्याला कुणी खेळायला घेत नाही का?"

"गोलरक्षक आहे तो, बाबा."

"अस्सं. बिचारा."

तिसऱ्या गोलला सगळं मैदान उठलं. बाबाही उठले. खाली बसल्यावर कोट सारखा करून माझ्याकडे वळले.

"इतकी वर्षं तू हेच करत होतास?"

"हो."

"मग आधी सांगायचंस ना! सुंदर आहे हे."

मीच त्यांना हट्टाने नेलं होतं, ताई. गेल्या आठवड्यात फुटबॉल मंडळातल्या एका गृहस्थांनी मला कॉफीला बोलावलं. फार गोड बोलले. "दिवस बदललेत, ज्यू प्रशिक्षक आता चालणार नाही. संघ तुम्हीच बांधा, पण बाकावर आमचा माणूस बसेल. नाव त्याचं छापू."

"मग संघही त्यालाच बांधू दे," म्हणालो आणि उठलो. कालची मॅच माझी शेवटची.

परतताना पुलावर बाबांना सांगितलं. पाण्याकडे बघत ते म्हणाले,

"जिथे हे करू देतील तिथे जा."

"तुम्हीही चला."

"तुझी आई इथे निजलीय, आर्मिन."

गुरुवारी ट्रिएस्टची गाडी आहे, तिथून ब्वेनोस आयरीसची बोट. तुला भेटायला येत नाही. आलो तर माझा पाय निघणार नाही. बाबांना तुझ्याकडे घेऊन जा. नाही म्हणतील, भांडतील, तरी ने. शुक्रवारी संध्याकाळी, शब्बाथ सुरू होताना, त्यांना एकटं जेवू देऊ नकोस.

तुझाच धाकटा, कुठेही असलो तरी,
आर्मिन