होसवाडीचा आंतरराज्य करार

२ जानेवारी
वकिली सोडून वर्ष झालं. धारवाडात जन्मभर घरमालक आणि भाडेकरूंचे करार लिहिले. महाराष्ट्र आणि कर्नाटक तरी वेगळं काय करतायत? एक म्हणतो जागा माझी, दुसरा म्हणतो कब्जा माझा. दिल्लीला सीमाप्रश्न सुटला नाही, कारण ड्राफ्टिंग कच्चं. मी इथं मळमड्डीत, घरी बसून सोडवणार. मार्चपर्यंत. बायकोला, श्यामलेला सांगितलं. ती म्हणाली, आधी गिझरचं बघा.

३ जानेवारी
मसुदा सुरू. शीर्षकात कुठल्या राज्याचं नाव आधी लिहायचं, यावर अडकलो. उद्या ताज्या डोक्यानं.

११ जानेवारी
लोकमत हवं म्हणून होसवाडीला गेलो. अळणावरच्या पुढं, सीमाभागातलं गाव. नावच निम्मं कन्नड, निम्मं मराठी; होस म्हणजे कन्नडात नवं. वादाचं मूळ इथंच. बस फाट्यावर थांबलीच नाही. पुढं उतरून उन्हात मागं चालत आलो. पंचायत मेंबर अनिताबाईंना विचारलं, तुम्हाला कुठलं राज्य हवं? त्या म्हणाल्या, "दोन्ही राज्यांच्या गाड्या दारावरनं जातात, थांबत एक न्हाई. पावसाळ्यात बाळंतीण ट्रॅक्टरमधनं नेली. तवा कुणी म्हणालं न्हाई, हे गाव आमचं."
लोकांची राजकीय जाण कमी. कलमात घेतलं नाही.

१९ जानेवारी
परिषद बोलावली. कर्नाटकातर्फे शेजारचे मंजुनाथअण्णा. जावई हुबळीच्या बस डेपोत, म्हणजे शासनाशी थेट कॉन्टॅक्ट. महाराष्ट्रातर्फे श्यामलेचा मावसभाऊ प्रवीण, गडहिंग्लजचा, एसटीतून रिटायर. दोघं कडाडून भांडतील, मग मी मध्यस्थी करीन. त्या वेळचं भाषण तयार आहे.

२५ जानेवारी, दुपार
परिषद आमच्याच हॉलमध्ये. प्रवीण आल्याआल्या कन्नडात सुरू. अण्णांचं आजोळ मिरज, ते मराठीत. भांडायचं नावच काढेनात. मी मुद्दाम "बेळगाव!" म्हणालो. दोघं एकदम म्हणाले, "कुंदा!" श्यामलेनं वाट्या भरून आणलाही.

संध्याकाळ
कलम एकवर मी बोलत असताना श्यामलेनं मधेच त्या बाळंतिणीचं सांगितलं. अण्णांनी वाटी खाली ठेवली. मी कलम दोन काढलं. मग प्रवीणनं ठराव मांडला, अध्यक्ष बदला. अण्णांचं अनुमोदन. नवीन अध्यक्ष श्यामला.
दोन राज्यांचं एकमत होऊ शकतं, हे मात्र मी घडवून दाखवलं.

३० जानेवारी
दोघं माझी परवानगी न घेता हुबळीला गेले, होसवाडीला गाड्या थांबाव्यात म्हणून. मी चिडलो नाही. जेवलो नाही, ते वेगळं. अण्णांचा जावई डेपोच्या साहेबांची गाठ घालून देणार. प्रवीण जुन्या ओळखीवर कोल्हापूरला फोन करतोय. श्यामलेनं त्यांना डबा दिला. मला विचारलं, तुम्हीही जाता का? म्हटलं, मी मुत्सद्दी आहे, डेपोत खेटे घालणारा नाही. मसुदा दोन्ही मुख्यमंत्र्यांना रजिस्टर पोस्टानं पाठवला.

१६ फेब्रुवारी
मुख्यमंत्र्यांचं उत्तर नाही. विचार गंभीरपणे चालला असणार.
दोन्हीकडच्या गाड्यांना होसवाडी फाट्यावर थांबा मंजूर झाला म्हणे. श्यामला फोनवर रडलीच. किरकोळ बाब. मूळ प्रश्न तसाच आहे.

१ मार्च
थांब्याचं उद्घाटन. निमंत्रण श्यामलेला. ऐन वेळी मार्गदर्शनाची गरज लागेल म्हणून मीही गेलो, भाषण खिशात. सगळं गाव रस्त्यावर. अनिताबाईंनी दोन्ही ड्रायव्हरना हार घातले, मग अण्णांना, प्रवीणला. श्यामलेची ओटी भरली. मग माझ्याकडे आल्या. मी मान पुढं केली. म्हणाल्या, "अप्पा, जरा बाजूला सरा. गाडी मागं घ्यायची हाय."

परत येताना अण्णा, प्रवीण आणि श्यामला मागच्या बाकावर हसत बसले होते. तिथं जागा नव्हती. एका कॉलेजच्या पोरीनं सरकून मला बसवलं. तरुण पिढीला तरी कळायला हवं म्हणून मसुदा काढून वाचायला लागलो. चौथ्या कलमाला तिनं डोळे मिटले. एकाग्रता.
सातव्याला घोरायला लागली.
आठवं मनातल्या मनात वाचलं. लांबलंय जरा.