मेण वितळलं त्या शनिवारची हकिगत

ती. ताईच्या पायांना (मोजे घातले असशील तर मोज्यांवरूनच) धाकट्याचा नमस्कार.

आज सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या एक जुना आवाज कानात आला. आपल्या लहानपणच्या खोलीची ती पलीकडची भिंत आठवते का? तिच्या पल्याड घड्याळं दुरुस्त करणारे काका राहायचे आणि दुकान बंद करून आले की अ‍ॅकॉर्डियन वाजवायचे. सूर नंतर यायचा. आधी भाता उघडल्याचा एक लांब श्वास यायचा, मोठं माणूस काही महत्त्वाचं सांगायच्या आधी घेतं तसा. मी भिंतीला कान लावून त्या श्वासाचीच वाट बघायचो. तुझं म्हणणं असायचं की ते काका घोरतात. संध्याकाळी दिवेलागणीला कोण घोरतं, असं मी एकदा विचारलं, तर तू म्हणालीस, "तू." असो. चाळिशी उलटल्यावर मी हे वाद्य गळ्यात का अडकवून घेतलं, असं ही मला अजून विचारते. त्याचं कारण ती भिंत आहे, पण हिला भिंतीचं सांगून काय उपयोग.

तुझा गुडघा कसा आहे? भाऊजी खोकल्याचं औषध अजून चव घेत घेत पितात का? मागच्या पत्रात तू मांजरीबद्दल दोन पानं आणि स्वतःबद्दल दीड ओळ लिहिलीस, त्यावरून मांजरीची तब्येत उत्तम आहे एवढं कळलं. इकडे आम्ही दोघंही ठीक. थंडी मात्र अशी पडली आहे की सकाळी चष्मा लावला तर नाक दचकतं. अ‍ॅकॉर्डियनला गारठा बाधू नये म्हणून मी तिला रात्री आमच्या दोघांच्या मधे, रजईत ठेवतो. हिचं म्हणणं, एवढ्या वर्षांत तिच्या अंगावरची रजई कधी कुणी नीट केली नाही, आणि या पेटाऱ्याच्या अंगावरची मात्र मी उठून उठून करतो. (बाजू तिची बरोबर आहे. पण ही आजारी पडली तर डॉक्टर आहेत. अ‍ॅकॉर्डियन दुरुस्त करणारा गावात एकच, आणि तोही सायकली जास्त करतो.)

आता मुख्य हकिगत. तुला माहीत आहेच की हिवाळाभर दर शनिवारी संध्याकाळी आमचा चौघांचा वाद्यवृंद पत्र्याखालच्या आठवडी बाजारात वाजवतो. थंडीत माणसं घराबाहेर पडत नाहीत, संगीत असलं तर पडतील, अशी बाजाराच्या व्यवस्थापकांची कल्पना. आमचा मंच म्हणजे एका बाजूला चपलांचं दुकान आणि दुसऱ्या बाजूला विजेच्या दिव्यांचं, त्यांच्या मधल्या सहा फळ्या. बासरीवर आमचे दातांचे डॉक्टर. वृंदाचे प्रमुखही तेच, कारण बाकी तिघांचे दात त्यांच्या हातात आहेत. गिटारवर मोटार शिकवणारे एक गृहस्थ, त्यांना आम्ही ब्रेकसाहेब म्हणतो. आयुष्यभर शिकाऊ माणसाशेजारी बसल्यामुळे कुणी जरा लय वाढवली की त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जातो आणि फळी करकरते. गायला एक बाई, बस स्थानकावर गाड्यांच्या घोषणा करणाऱ्या. आवाज गोड, पण गाणं संपताना त्या अजूनही अशा थांबतात की पुढच्या गाडीचा नंबर येणार असं वाटतं.

हिवाळ्यातल्या वादनाची एक गंमत तुला सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. गारठ्यात बासरीचा सूर खाली उतरतो. गिटारच्या तारा आखडतात, त्यांचा वर चढतो. अ‍ॅकॉर्डियन तेवढी आतल्या पितळी सूरपट्ट्यांवर वाजत असल्यामुळे जिथे होती तिथेच राहते, बिचारी प्रामाणिक. म्हणजे डॉक्टर तळघरात, ब्रेकसाहेब गच्चीवर आणि मी मधल्या मजल्यावर एकटा. पण डॉक्टर आणि ब्रेकसाहेब एकमेकांना सांभाळून घेतात, बाई डॉक्टरांच्या मागे जातात, आणि सगळे मिळून चुकले की बरोबर असलेलाच बेसूर ठरतो. त्यात माझी बोटं. गार पट्ट्यांवर ती अशी वळतात जशी भाऊजींची मान, म्हणजे सगळ्या अंगासकट. दोन स्वरांच्या जागी तीन दाबले जातात आणि हवा होता तो चौथाच असतो.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी मला तपासायच्या खुर्चीवर बसवलं, तोंड उघडायला सांगितलं, आणि मला काही बोलता येणार नाही अशी खात्री झाल्यावर म्हणाले, "काका, पुढच्या हिवाळ्यात तुम्ही आता आराम करा." त्यांची पुतणी विजेवरची पेटी वाजवते. एक बटण दाबलं की सगळे सूर हवे तेवढे वर, एक दाबलं की खाली. तळघर, गच्ची, कुठेही हजर. मी तोंड उघडं ठेवून जे काही म्हणालो त्याचा अर्थ त्यांनी 'बरं' असा लावला. खुर्चीवरून उतरल्यावर मी एवढंच म्हटलं, की हा हिवाळा संपेपर्यंत बघा आणि मग ठरवा. ते म्हणाले, "बघू. येत्या शनिवारी कसं होतंय ते बघू." ताई, तुला खरं सांगतो, घरी येईपर्यंत मी तीन वेळा चुकीच्या गल्लीत शिरलो. नोकरीतून निवृत्त झालो तेव्हा असं काही वाटलं नव्हतं. तेव्हा शनिवार शिल्लक होते.

म्हणून गेल्या शनिवारी मी ठरवलं की बोटं गरम, म्हणजे पट्ट्या गरम. मंचावर एकच गॅसची शेगडी असते आणि तिच्यासाठी दर वेळी शीतयुद्ध चालतं. (डॉक्टर म्हणतात बासरीला ऊब हवी. बासरी त्यांनी कोटाच्या आत, बनियनच्याही आत ठेवलेली असते, तरी हवीच.) मी सगळ्यांच्या आधी गेलो, अ‍ॅकॉर्डियन शेगडीला अगदी खेटून ठेवली आणि चपलांच्या दुकानदाराशी गप्पा मारत बसलो. तो म्हणाला, "तुमची पेटी भाजते का काय?" मी म्हटलं, तिला थंडी वाजते. अ‍ॅकॉर्डियनच्या आतल्या पितळी सूरपट्ट्या मेणाने चिकटवलेल्या असतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. तीस वर्षं मी येईल त्याला बजावतो आहे, हिला उन्हात ठेवू नका, मेण वितळेल. उन्हात मी ठेवलीच नाही. उन्हाचा प्रश्नच नव्हता, संध्याकाळ होती.

त्या दिवशी बाईंचा आवाज बसलेला. (दुपारभर घोषणाच झाल्या नाहीत, लोक आपापल्या बुद्धीने गाड्यांत चढले आणि म्हणे बहुतेक जण योग्य ठिकाणी पोहोचले.) त्या शाल गुंडाळून कोपऱ्यात बसल्या आणि आम्ही तिघांनी नुसत्या धुना वाजवायचं ठरलं. पहिली धून तर अशी गेली की डॉक्टरांनी भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं. पट्ट्या गरम, बोटं मऊ, मी तरंगत होतो. दुसऱ्या धुनेला भाता उघडला आणि आत काहीतरी टप्कन पडलं. मला वाटलं कोटाचं बटण. पुन्हा टप्. गंधार दाबला तर आला नाही. धैवत दाबला तर फुस्स. आपण शाळेत गाळलेल्या जागा भरायचो ना, तशी माझी धून झाली. पेटी जागा सोडत गेली आणि मी तोंडाने भरत गेलो, 'ता रा रा' नाहीतर 'हूं' करत. ब्रेकसाहेबांना वाटलं मी त्यांना काहीतरी खूण करतोय, त्यांनी पाय दाबला, फळी करकरली, आणि तेवढ्या हादऱ्याने उरलेसुरलेही खाली आले. बासरी ओठांना तशीच लावून डॉक्टर पुटपुटले, "काका, काय चाललंय?" मी म्हटलं, सूर पडले. ते म्हणाले, "ते रोजचंच, पण आज काय?"

त्यानंतर मी भाता उघडला तर नुसता श्वास आला. लांब, मोठा, बिनसुराचा. समोर भाजीच्या पिशव्या घेतलेली माणसं उभी होती, व्यवस्थापक हात खिशात घालून उभे होते, आणि तो श्वास संपायच्या आत काहीतरी यायलाच हवं होतं. ताई, आपल्या शाळेतली नावाड्याची कविता माझ्या तोंडून बाहेर पडली. मी बोलावली नव्हती.

हळू वल्हव रे नावाड्या, पाण्यात चंद्र झोपला,
हलवू नको त्याची उशी, आत्ता डोळा लागला.

आपल्या वेळी सगळ्या शाळांना एकच पुस्तक होतं हे मी विसरलोच होतो. दुसऱ्यांदा म्हटली तेव्हा चपलांचा दुकानदार म्हणत होता. एक आजोबा कोबी छातीशी धरून म्हणत होते. मी मधे मधे भाता उघडून मिटायचो, तो नुसता श्वास कवितेखाली वल्ह्यासारखा यायचा, ब्रेकसाहेब एकच तार हळू छेडत होते आणि डॉक्टरांनी (हे मी कधी विसरणार नाही) मला कुठला सूर हवा आहे ते ऐकून बासरी तिथे आणली. पहिल्यांदाच आम्ही तिघं एका मजल्यावर होतो. मग पुढची कडवी झाली, लोक हसले, एक बाई डोळे पुसताना दिसल्या (कांदेही होते त्यांच्याकडे, पण पिशवीत).

उठला चंद्र, मागितला चहा,
नावाड्या म्हणे, थांबून पाहा.

याला तर टाळ्या पडल्या. व्यवस्थापक येऊन म्हणाले, पुढच्या शनिवारी ही कविता पूर्ण ठेवा, लोक विचारतायत. आणि सामान आवरताना डॉक्टर म्हणाले, "काका, पुढचा शनिवार असाच निघाला तर पुतणीला मी सांगतो थांबायला. पण पूर्ण म्हणायची हं, अर्ध्यावर सोडायची नाही." मी म्हटलं, अहो, बारा कडवी आहेत, मला झोपेत विचारा. ब्रेकसाहेब माझी पेटी उचलत म्हणाले, "काका, हिच्यातून काहीतरी खुळखुळतंय." मी म्हटलं, गंधार असेल.

अ‍ॅकॉर्डियन सायकलवाल्याकडे आहे. त्याने झाकण उघडून आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "तळली का?" मेण लावून पट्ट्या पुन्हा बसवायला वेळ लागेल. शनिवारपुरती ती तशीच घेऊन येईन. भाता तेवढा चालतो, आणि सध्या मला भाताच पुरे आहे. ही म्हणते, रजईत आता फार मोकळं वाटतं.

तर असं आहे सगळं. तू आणि भाऊजी येत्या शनिवारी नक्की या. तुला पुढच्या रांगेत बसवतो, शेगडीजवळ. गरम मोजे आण. कविता मला अजून सगळी पाठ आहे हे ऐकून तुला धाकट्याचा अभिमान वाटेल, अशी आशा आहे.

मांजरीला मायेची थाप आणि भाऊजींना आदराचा नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. ताई, पत्र पुन्हा वाचलं. वर 'सगळी पाठ आहे' असं लिहिलं आहे, त्यातलं 'सगळी' जरा जास्त झालं. मला फक्त पहिलं कडवं येतं. बाकी मी तिथे उभ्या उभ्या जुळवलं. बारा हा आकडाही अंदाजे. तू माझ्या एक वर्ष पुढे होतीस आणि स्नेहसंमेलनात ही कविता तूच म्हटली होतीस, तेव्हा तुला ती नक्की येत असणार. कृपा करून उलट टपाली सगळी कडवी लिहून पाठव. शनिवारच्या आत. पत्राचं खरं कारण तेवढंच. गुडघ्याची चौकशी मात्र मनापासून होती.

ता. क. २. आणि शनिवारी येऊ नकोस. मी विचार केला. तू पुढे बसलीस तर मी अडखळलो रे अडखळलो की तू पुढची ओळ सांगणार, मग डॉक्टर तुला मंचावर बोलावणार, आणि पुढच्या हिवाळ्यात तूच त्या शेगडीपाशी बसणार. लहानपणापासून हेच होत आलं आहे. थंडीही तुझ्या गुडघ्याला बरी नाही.

ता. क. ३. पाकीट चिकटवतच होतो तर दारावर काठी वाजली. ही दार उघडून आत आली आणि म्हणाली, "एक म्हाताऱ्या बाई आल्यात, तुम्हाला बोलवतायत. मला म्हणाल्या, त्याला सांग, शाळेतून आलेय." मी बाहेरच्या खोलीत डोकावलो. ताई, आपल्या तिसरीच्या बाई आहेत. पार वाकल्यात, स्वेटरवर स्वेटर घातलेत, हातात बाजाराची पिशवी. शनिवारी त्या तिथेच होत्या. मी पुढे होऊन वाकलो, तर त्यांनी आधी माझा हात उलटा करून नखं पाहिली. मग खुर्चीवर बसल्या, काठी मांडीवर आडवी ठेवली आणि म्हणाल्या, "उभा राहा. आणि मला सांग, चंद्राला चहा कुणी पाजला?"