भिंतीतले ठोके

मी, खाली सही करणारा, वय अडुसष्ट, धंदा नळकाम, आता घरी बसलेला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. शेजारच्या डॉक्टरांनी तपासून तसे लिहून दिले आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण त्यांची इथे गरज नाही. मला कोणी भाग पाडलेले नाही, कोणी फूस लावलेली नाही. यापूर्वी लिहिलेली दोन मृत्युपत्रे मी फाडून टाकली, कारण ती खोटी होती.

कलम १. माझी वारस एकच, माझी मुलगी. राहते घर, त्यातले सामान, बँकेतली ठेव आणि ज्या प्लॉटवर ती सध्या घर बांधत आहे तो प्लॉट, हे सगळे तिचे. जावयांनी यावर कधी हक्क सांगितलेला नाही. गुणी माणूस आहे. फक्त नळ इतका आवळून बंद करतात की वायसर महिनाभर टिकत नाही, तेवढे तिने बघावे.

कलम २. माझी हत्यारे, म्हणजे दोन मोठे पाने, आटे पाडायचे डाय आणि नळीचा दाब तपासायचा पंप, माझ्या जुन्या भागीदाराला. त्याला सगळे ‘टेप’ म्हणतात, कारण बोलायला लागला की गुंडाळतच राहतो. माझी शिडी त्याने सोळा वर्षांपूर्वी नेली, ती अजून ‘उद्या आणतो’. शिडीही त्यालाच दिली असे समजावे. या विषयावर आता कोणी भांडू नये, मी भरपूर भांडलो आहे.

कलम ३. माझ्या मेहुण्याला, म्हणजे मुलीच्या मामाला, माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेली प्लायची फळी. दीड फूट बाय एक फूट, कडेने आठ भोके. ही कसली देणगी, असे वाचणाऱ्याला वाटेल. पुढे वाचावे.

कलम ४. हे घर आम्ही बांधले त्याला वीस वर्षे होत आली. जन्मभर गिऱ्हाइकांना एकच सांगत आलो: गॅसचा गिझर न्हाणीघराच्या आत नको. बाहेर मोकळ्यावर बसवा. गरम पाणी यायच्या आधी नळीतले अर्धी बादली गार पाणी वाया जाते, तेवढे सोसा. कित्येकांशी यावरून वाजले, दोन कामे सोडली. आणि स्वतःच्या घरी? बायको म्हणाली, “अहो, जगाला नळ बसवून देता आणि माझ्या नशिबी रोज सकाळी अर्धी बादली गार पाणी? आतच बसवा ना. तुम्ही बसवलेला म्हणजे काय होणार आहे?” मी विरघळलो. शिवाय अंगात गुर्मी होती, नियम गिऱ्हाइकांसाठी असतात म्हणून. गिझर मेहुण्याने आपल्या दुकानातून दिला, बहिणीच्या नव्या घरासाठी, हौसेने. मी तो आत बसवला.

थंडी पडली. “झरोक्यातून वारं येतं हो, पोरगी कुडकुडते,” असे ती म्हणाली. पंधरा मिनिटांत झरोक्यावर फळी मारली. आठ स्क्रू. काम असे चोख की कुठे फट म्हणून नाही.

कलम ५. त्यानंतर नवव्या दिवशी बायको अंघोळीला गेली ती गेलीच. बंद खोलीत गिझर जळला की जो विषारी गॅस तयार होतो, त्याचा ना धूर दिसतो ना वास येतो. दार फोडून मी तिला बाहेर ओढले आणि लगेच झरोक्यावरची फळी काढली, हवा यावी म्हणून. शपथेवर सांगतो, तेव्हा फक्त हवा यावी म्हणून. माणसे जमली तोवर झरोका उघडा होता आणि फळी माझ्या हातातून पलंगाखाली गेली होती. डॉक्टरांनी विचारले, “हवा येत होती का आत?” मी म्हणालो, “झरोका उघडाच असतो.” झाले. दोष गिझरवर गेला.

मेहुणा फाटकाशी हात जोडून उभा होता. “दाजी, मी स्वतः तपासून दिला होता हो.” मी चारचौघांत म्हणालो, “तुझ्या डबड्याने माझं घर बुडवलं.” त्याने दुकान बंद केले. मुलीच्या लग्नाला त्याला बोलावले नाही. ती त्याच्याशी बोलत नाही, आणि ती न बोलण्याची सवय मी लावली. त्याच्या गिझरमध्ये काही दोष नव्हता. मी खोटारडा आहे, हे इथे लेखी कबूल करतो.

कलम ६. हे कलम लिहायला मला चार दिवस लागले.

न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या भिंतीत गरम पाण्याची नळी होती. हातभर अंतरावर एक क्लिप लावायची, हा माझा शिरस्ता. घरच्या कामात मी दोन क्लिपा कमी लावल्या, म्हणून नळ झटकन बंद केला की ती नळी ठकठक वाजायची. त्या सकाळी सव्वासातला मी चहा पीत होतो, रेडिओ चालू होता, मुलगी समोर गृहपाठ करत होती. वय वर्षे बारा. भिंतीतून <s>तीन</s> चार ठोके आले. ती म्हणाली, “बाबा, आई काही मागतेय का?” मी म्हणालो, “नळी आहे ती. संध्याकाळी बघतो.”

पोरी, तू उठली होतीस. मी तुला बसवलं. तुझा बाप नळवाला, नळीबद्दल तो बोलला म्हणजे तुझ्यासाठी विषय संपला. तू मोठी झालीस तरी न्हाणीघराचं दार कोणी लावलं की बाहेर उभी राहतेस, जावईबापूंनी एकदा हसत सांगितलं होतं. मी नाही हसलो. कायद्याच्या भाषेत लिहितो, म्हणजे कुठेही टिकेल: सदर घटनेत माझ्या मुलीचा काडीचाही दोष नाही. संपूर्ण दोष माझा.

ती नळी मी नंतर दोन्ही टोकांना कापून बूच मारले. वीस वर्षांत तिच्यात थेंब गेलेला नाही. तरी रोज सव्वासातला ती वाजते. तीन ठोके. मग मी बसल्या जागी चौथ्याची वाट बघतो, का ते मला कळत नाही. टेपला एकदा मुद्दाम बोलावून बसवले. त्याला काही ऐकू आले नाही. तो म्हणाला, “घर विकून टाक, वेडा होशील.” मी विकले नाही. मी गेलो तर तिला ‘आलो’ म्हणायला इथे कोण राहील?

कलम ७. नव्या घराबद्दल. गेल्या आठवड्यात मुलीचा फोन आला. “बाबा, या वेळी चांगल्यातल्या चांगल्या कंपनीचा गॅस गिझर घेतलाय, मामाच्या डबड्यासारखा नाही. शॉवरशेजारीच बसवतेय, गरम पाणी लगेच. आणि झरोक्याऐवजी घट्ट काच, वारं नको बाई.” माझ्या तोंडून निघाले, “बरं.” एवढेच. मशीन चांगले असले की माणूस मरत नाही, हे तिला मी शिकवले आहे.

तर माझी आज्ञा अशी. गॅसचा गिझर घरात नको. गच्चीवर सौर बंब घे, ढगाळ दिवसांसाठी लहानसा विजेचा. गरम नळीला जाड आवरण घाल. भिंती बुजवण्याआधी नळ्या पाण्याने भरून, दाब देऊन, दिवसभर सोड. घाई करणाऱ्या मिस्त्रीला हाकलून दे. झरोक्याला बंदच करता येणार नाही अशी जाळी बसव. कडी बाहेरूनही उघडेल अशी. आणि आधी येणारं अर्धी बादली गार पाणी जाऊ दे, झाडांना घाल.

हे लिहून पाकीट चिकटवायला घेतले आणि हात थांबला. मृत्युपत्र उघडतात माणूस मेल्यावर. डॉक्टर म्हणतात, माझे हृदय अजून पाच-सात वर्षे ओढेल. तिचे न्हाणीघर पुढच्या महिन्यात तयार होते आहे. एवढी वर्षे गप्प राहिलो, आता मेल्यावर बोलून काय उपयोग! म्हणून मुलगी आणि मेहुणा, दोघांना रविवारी बोलावले आहे. जिवंतपणीच वाचून दाखवतो.

पुरवणी. वाचून झाले. मेहुणा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, खुर्चीच्या कडेवर बसला. फळी मांडीवर घेऊन एकेका भोकात बोट घालत राहिला. शेवटी म्हणाला, “दुकानाचं जाऊ द्या हो, दाजी. पोरीला तरी भेटू द्यायचं होतंत.”

मुलीने तिथूनच मिस्त्रीला फोन केला. “गिझर उतरवा. आजच. हो, फरशी फुटली तरी चालेल.” मग फोन ठेवून माझ्याकडे न बघता विचारले, “किती ठोके लिहिलेत?”

“तीन.”

“चार,” ती म्हणाली. “चौथ्याला तुम्ही रेडिओ मोठा केलात.”

मामाचा हात धरून ती निघून गेली.

दुरुस्ती. कलम ६ मध्ये ‘तीन’ हा शब्द खोडून ‘चार’ केला आहे. खाडाखोड माझ्याच हातची आहे आणि ती मला मान्य आहे.

(सही) मृत्युपत्र करणारा, नळवाला

साक्षीदार १: (सही) शेजारचे डॉक्टर
साक्षीदार २: (सही) समोरच्या घरातले फरशीवाले

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघर, मधल्या भिंतीशी
दिनांक: ९ डिसेंबर, रविवार